निवेदन : लवू घाडी

काळाचौकीच्या मंडळात लवू घाडीला सगळे लवूकाका म्हणत. बाप गिरणीत, हा विमा कंपनीत कारकून; पण वस्तीला तो ठाऊक होता आवाजामुळे. गणपतीतल्या चलचित्र देखाव्याचं निवेदन सलग एकतीस वर्षं लिहायचाही तोच आणि बोलायचाही तोच. पडदा सरकला, पुतळे हलायला लागले, की भोंग्यातून लवूकाका.

यंदा मंडळाला विज्ञानकथा हवी होती : 'सन २०७५चं गिरणगाव'. वाचनालयातली विज्ञानकथांची अख्खी फळी लवूनं कधीच पालथी घातली होती आणि त्याचं मत पक्कं होतं. "त्या गोष्टींत यंत्रं माणसावर उलटतात रे," तो मंडळाच्या चिटणीसाला, निलेशला म्हणाला. "आपल्याकडे कुठलं यंत्र उलटलं? गिरण्या गेल्या, टॉवर आले, यंत्रं बिचारी भंगारात गेली. उलटली ती माणसंच. झेंडा कुठलाही असू दे." एवढं बोलताना त्याला तीनदा खोकला आला. घसा वर्षभर बसलेला; डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायला बंदी घातलेली.

"काका, टेन्शन नाय," निलेश म्हणाला. "तुम्ही फक्त लिहा. जुन्या कॅसेटी द्या, एआय सेम टू सेम तुमचा आवाज काढतो."

लवूला ते आवडलं नाही, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडलंही. भांडायचं त्राण तरी कुठे होतं? त्यानं कॅसेटी फडक्यानं पुसून दिल्या. अट एकच घातली : शेवट कापायचा नाही. देखाव्यातली मुलगी यंत्रमानवाला विचारते, इथे आधी कोण राहायचं? यंत्रमानव म्हणतो, "इथल्या गिरण्या चालवणारी माणसं. त्यांना घरं मिळाली का, ते माझ्याकडे नोंदलेलं नाही." बापासाठी लिहिलं होतं ते. बाकीचं गेलं उडत. निलेशनं गळ्याची शपथ घेतली.

पहिल्या दिवशी बायकोला, सुभद्रेला घेऊन लवू मंडपात उभा राहिला. भोंगा लागला आणि त्याच्या अंगावर काटा आला. चाळिशीतला त्याचा आवाज, ठणठणीत, खोकल्याचा मागमूस नाही. मुलीनं प्रश्न विचारला.

"इथे होती अंधारी चाळ," लवूचा आवाज म्हणाला, "आणि मग आले आपले लाडके साहेब! घराघरात उजेड आला! साहेबांना मानाचा मुजरा!" मंडपाचा खर्च उचलणाऱ्या साहेबांचा फोटो वर लुकलुकला. टाळ्या पडल्या.

जन्मात कुठल्या साहेबाला त्यानं मुजरा केला नव्हता. त्यानं निलेशकडे पाहिलं. निलेश हार-नारळांच्या टेबलाशी मान खाली घालून उभा. लवूनं ओरडायला तोंड उघडलं, तर घशातून नुसती हवा आली. मग सुभद्रेच्या कानाशी लागून तो कसाबसा कुजबुजला, "ह्यां मी नाय बोललंय."

एकतीस वर्षं ती ह्या भोंग्यापुढे उभी राहत आली होती. डोळे पुसत तिनं त्याचा हात दाबला.

"जरा गप ऱ्हवा हो," ती म्हणाली. "तुमचो आवाज ऐकतंय."