राहतं घर

रंगाऱ्याचा जन्म दुसऱ्यांच्या भिंती रंगवण्यात गेला. रंग वाळतो न वाळतो तोच लोक खिळे ठोकत, पोरं रेघोट्या ओढत. याच्या जिवाचं पाणी पाणी होई. म्हणून स्वतःचं घर झालं तेव्हा त्याने दोन्ही खोल्या मोत्यासारख्या रंगवल्या आणि बिऱ्हाड गॅलरीत मांडलं.

शेगडी गॅलरीत. अंथरुणं गॅलरीत. आत जायचं तर कोपरं अंगाशी घट्ट धरून.

"घर घेतलंय की दागिना?" बायको विचारायची.

"दागिना घालून कुणी भांडी घासतं का?" तो म्हणायचा.

मग एक दिवस बँकेचा तपासनीस आला. पहिल्या घराच्या कर्जाला व्याज कमी, पण मालक स्वतः राहत असेल तरच, असा सरकारचा नियम होता. घरं नुसती अडवून ठेवणाऱ्यांना सवलत नाही. सवलत गेली की हप्ता हाताबाहेर जाणार, आणि हप्त्यामागोमाग घर.

तपासनीस मोकळ्या खोल्यांतून फिरला. भिंतीवरून बोट फिरवलं. ते बोट रंगाऱ्याने आधी फडक्याने पुसून घेतलं होतं.

"इथे कोणी राहत नाही."

"राहतो की, साहेब! गॅलरीत."

"आणि खोल्या?"

"त्या जपतो."

"म्हणजे विकायला ठेवल्यात."

रंगारी बोट फिरलेली जागा फडक्याने पुसू लागला.

"आता का दातखीळ बसली?" बायको फणकारली. "आम्हाला तर भिंतीजवळ श्वास घेऊ देत नव्हतात!"

इतक्यात रंगाऱ्याची आई गॅलरीतून आत आली. डोक्याला नुकतंच तेल चोपडलेलं.

"घरात पाहुणा आलाय आणि मी उन्हात बसू होय?" म्हणत तिने फतकल मारली आणि खुशाल भिंतीला डोकं टेकलं.

"आई!" रंगारी किंचाळला.

म्हातारी दचकून बाजूला झाली. भिंतीवर बशीएवढा तेलकट डाग उमटला होता.

तपासनीसाने वाकून तो पाहिला. त्याचा चेहरा उजळला. त्याच्या घरीही अशीच एक आई असावी.

"हं. या खोलीत माणसं राहतात," म्हणत त्याने कागदावर खूण केली. मग दुसऱ्या खोलीच्या दारात जाऊन तो थबकला. "इथे मात्र..."

रंगाऱ्याने डोळे गच्च मिटले.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "जरा इकडेही टेक."