दहापैकी किती, शेठ?

मी किस्से गोळा करायला कुठं जात नाही. दुकान रस्त्याला लागून आहे, एवढंच. गादीवर बसून राहिलं की किस्से आपोआप पायरी चढून येतात, पाणी मागतात आणि मुक्कामच करतात.

हे सगळे एकाच उन्हाळ्यातले. लातूर नवीनच जिल्हा झालेलं, आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. आडतीवर माल येईना. शेजारी गफूरभाईचं कॅसेटचं दुकान. तो रोज एक कॅसेट ऐकायला द्यायचा. तुरीची प्रत लावायची हाताला सवय होती, मी गाण्यांची लावायला लागलो.

पद्धत साधी. पोत्यातून नमुना काढायची लोखंडी नळी असते, परखी. ती तीन जागी खुपसायची: तोंडाशी, मध्ये, बुडाशी. तोंडाशी चांगला माल सगळेच भरतात. कॅसेटवालेही पहिलं गाणं चांगलंच घालतात! म्हणून मी टेप पळवत तीन जागी ऐकायचो. दाणा भरीव, त्याला पाच मार्क. खडा नाही, म्हणजे मध्येच उठून पुढं ढकलावं असं गाणं नाही, त्याला तीन. उरलेले दोन, पुन्हा ऐकावंसं वाटलं तर. दहा कुणालाच नाहीत. बिनखड्याचं पोतं मी आजवर बघितलेलं नाही.

*

माझे मार्क गफूरभाई चिठ्ठीवर लिहून कॅसेटला चिकटवायचा. एकीला मी तीन दिले तर चिडला.

"क्या शेठ! आता ही कोन घेतंय?"

दुसऱ्या दिवशी अहमदपूरचे एक गृहस्थ आले. सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि नेमकी तीनवाली उचलली. गफूरभाईनं इमानदारीनं सांगितलं, साहेब, ही बेकार आहे.

"हाव, म्हणूनच. पाव्हणे आठ दिस झाले हलंनात. घरात पाणी न्हाई."

*

देगलूरहून माझे व्यापारी मित्र नरसय्या यायचे. त्यांनी एकदा तेलुगू कॅसेट आणली. मी म्हणालो, मला त्यातलं अक्षर कळत नाही, मार्क कसे देऊ? नरसय्यांनी समोरच्या नमुन्यातली मूठभर तूर उचलून माझ्या हातावर ठेवली.

"ही काय मराठी बोलते का?"

मी आठ दिले.

*

नव्या कलेक्टर कचेरीसोबत वाघमारे आले. कारकून, अत्यंत नेमका माणूस. कचेरीत फायली आल्या होत्या, कपाटं यायची होती. तरी यांच्या टेबलावर एक कागद इकडचा तिकडं नसे. माझी पद्धत ऐकून पहिला प्रश्न विचारला, "हे लेखी आहे का?"

नव्हतं. चार दिवसांनी त्यांनी टाइप करून आणलं. सहा नियम माझे होते. सातवा त्यांनी स्वतःचा घातला होता: दिलेल्या गुणांविरुद्ध अपील करता येणार नाही.

*

आमच्या घरात हा कागद चालला नाही. संध्याकाळी टेप घरी लागायचा, बायको चुलीपुढं बसून ऐकायची. एकदा मी मार्कांच्या वहीत एका कॅसेटला पाच लिहिले, तर म्हणाली, "अहो, तुमची वही राहू द्या. आज तव्यावर दोन भाकरी करपल्या. माझ्या कधी करपतात का?"

मी हसलो. वहीत पाचच ठेवले.

*

दुकानासमोर दुपारी टँकर लागायचा. पाइप मागच्या गल्लीतल्या शेवंताबाईच्या हातात. तिला कुणी नेमलं नव्हतं, पण काढायची कुणाची हिंमतही नव्हती. तिचा नियम एकच: ज्याचं पाणी सांडलं, त्याचं पुढचं भांडं रांगेच्या शेवटी. एकदा एक शिपाई बादली घेऊन थेट पुढं आला. म्हणाला, साहेबांची आहे.

"मंग साहेबाला सांग, रांग त्या टोकाला हाय."

*

एके दिवशी वाघमारे स्वतःचीच कॅसेट घेऊन आले. नांदेडला मेव्हण्याच्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून भरलेली. मोठ्या दुष्काळात त्यांची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं बाया म्हणायच्या ती गाणी. आई गेल्यावर ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. पेटी वाघमाऱ्यांचीच, आवाजही त्यांचाच.

"मैत्री बाजूला ठेवा, शेठ. सातच्या खाली आले तर समजेन, हे आमच्या घरापुरतंच होतं. रविवारच्या एसटीनं पेटी गावाकडं भावाला धाडून देतो."

मी तीन जागी परखी मारली. तिन्ही जागी एकच चाल, पुढं सरकेना. आवाज खरा, पण जाड. हात आखडला नाही, वाढवलाही नाही.

"पाच."

त्यांनी मान डोलावली. "नियम सात," म्हणाले आणि चहा न घेता उठले. कॅसेट तशीच राहिली.

शनिवारी टँकर आला. कॅसेट परत करायची होती; त्याआधी एकदा नीट ऐकावी म्हणून मी ती अगदी सुरुवातीपासून लावली. न पळवता. बाहेर रांगेत दुसऱ्या नंबरला वाघमारे बादली घेऊन उभे. आपला आवाज ऐकून त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

पहिला नंबर शेवंताबाईचाच होता. पाइप तिच्या घागरीत. बायांची कुजबुज आधी थांबली, मग भांड्यांचा आवाज. गाणं चाललं होतं. घागर भरली, काठावरून पाणी निघालं, दगडावरून वळलं आणि माझ्या पायरीपर्यंत आलं. गफूरभाई दारात उभा राहून ते पाणी बघत होता.

गाणं संपलं. शेवंताबाईनं पायाखाली बघितलं. पाइप वाघमाऱ्यांच्या हातात दिला. भरलेली घागर बाजूला सारली, रिकामा हंडा उचलला, अख्खी रांग ओलांडून शेवटी जाऊन उभी राहिली, आणि तिथूनच म्हणाली,

"शेठ, त्येच फिरून लावा."