ओठांपुरता फरक

“भाऊ, अजून मोठं करा,” वैशालीताई म्हणाल्या.

मी रिमोट दाबला. पडद्यावर आबांचा चेहरा आणखी मोठा झाला आणि आणखी फुटला. मिशीखाली ओठ असायला हवे होते, तिथे तपकिरी चौकटी हलत होत्या.

हे धुळ्यात, ताईंच्या देवपुरातल्या हॉलमध्ये. टीव्ही नवा, पंचावन्न इंची, भिंतभर. लावलेली डीव्हीडी त्यांच्या स्वतःच्या लग्नाची, बारा-एक वर्षांपूर्वीची. शूटिंग माझं, मिक्सिंगही माझंच. मिक्सिंग म्हणजे शूटिंग कापून, जोडून, वर गाणी चढवून लग्नाचा सिनेमा करणं. त्या काळी आम्ही गाणी जरा सढळ हातानंच चढवायचो.

प्रसंग पाठवणीचा. गाडीच्या दारापाशी आबा, म्हणजे ताईंचे वडील, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलतात. चांगली दोन-तीन वाक्यं. ताई रडत रडत मान हलवतात. बँड वाजत होता, त्यांना एक शब्द ऐकू आला नव्हता. पुढे एकदा माहेरी गेल्यावर त्यांनी विचारलं, तर आबा हसून म्हणाले, “सीडीमा बठ्ठं शे ना, दखी ले.”

सगळं सीडीत आहे म्हणे! सीडीत होतं माझं गाणं. बँडच्या गोंगाटापेक्षा बरं म्हणून तिथला आवाज मी काढून टाकला होता. तेव्हा सगळेच काढायचे.

गेल्या वर्षी आबा गेले. दिवाळीत हा टीव्ही आला आणि ताईंच्या मनानं घेतलं, की आवाज नाही तर नाही, एवढ्या मोठ्या पडद्यावर ओठ तरी वाचता येतील. म्हणून मला बोलावणं.

“दुकानदार तर म्हणाला, हा एचडीच्याही पुढचा आहे. मग असं का दिसतंय?”

“ताई, टीव्ही कितीही भारी असू द्या, डीव्हीडीत जेवढं भरलंय तेवढंच तो दाखवणार. चित्र म्हणजे शेवटी ठिपके. एचडीत डीव्हीडीच्या साधारण पाचपट ठिपके असतात. इथं टीव्हीनं आहेत तेच ठिपके ताणून भिंतभर केलेत.”

“तुम्ही एचडीत शूटिंग केलं नव्हतं का?”

केलं होतं. कॅमेरा नवा होता आणि मला त्याचं भारी कौतुक. भडगावजवळ ताईंच्या माहेरी डीव्हीडी द्यायला गेलो, तेव्हा कॅमेराही मुद्दाम बरोबर नेला होता. आधी डीव्हीडी लावली, मग कॅमेरा जोडून तोच प्रसंग एचडीत दाखवला. घरात जुना डबा टीव्ही. आबा खाटेवर बसून मन लावून बघत होते.

“यामा काय फरक शे भाऊ? माले ते बठ्ठं एकच दिखस.”

खोटं नव्हतं. फरक मलाही दिसत नव्हता. डबा टीव्हीला ते जास्तीचे ठिपके दाखवताच येत नाहीत, आणि त्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरींतून एचडी जातही नाही.

मी म्हटलं, “आबा, एक हार्ड डिस्क आणून द्या, मूळ शूटिंग भरून देतो. उद्या मोठा टीव्ही घ्याल.”

“मोठा टीव्ही लईसन काय करसू? मानसे तितलाच दिखतीन ना!”

घरातले सगळे हसले. मीही हसलो, चहा घेतला आणि निघालो. पुढच्या सीझनला मिक्सिंगच्या मशीनवर जागा लागली, तेव्हा ते शूटिंग पुसलं गेलं. सगळी लग्नं साठवून ठेवणं आमच्यासारख्या स्टुडिओला परवडत नाही. हे ताईंना सांगताना मला मान वर करवली नाही.

मग त्या म्हणाल्या, “सॉफ्टवेअर असतं ना, जुना व्हिडिओ नवा करणारं?”

असतं. डीव्हीडी स्टुडिओत नेली, तेवढा तुकडा सॉफ्टवेअरमधून काढला आणि पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या दिवशी आणला. आबा लख्ख दिसले. मिशीचा केसन् केस सुटा, ओठ रेखीव. ताई पुढे सरकल्या. आबांच्या ओठांबरोबर स्वतःचे ओठ हलवत शब्द जुळवू लागल्या. त्यांचा चेहरा उजळला, पण सांगणं भाग होतं.

“ताई, हे ओठ सॉफ्टवेअरनं अंदाजानं काढलेत. खाली त्या चौकटीच होत्या. त्यावर त्यानं तोंड बसवलंय.”

“म्हणजे हे आबा बोलत नाहीयेत?”

“चेहरा आबांचा आहे. बोलणं कुणाचंच नाही.”

“मग काढा ते.”

परत डीव्हीडी लावली. ताई खुर्ची मागे मागे नेत राहिल्या, पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.

“इथून स्वच्छ दिसतंय की!”

दिसणारच. तेवढ्या लांबून डोळ्याला ठिपके कळत नाहीत. साधं काय आणि एचडी काय, एकच.

“पण ओठ बारीक झाले,” त्या म्हणाल्या.

पुढे आल्या की ओठ मोठे, पण फुटलेले. मागे गेल्या की स्वच्छ, पण वाचता न येणारे. त्या दोन-तीनदा पुढे-मागे झाल्या. बदलण्यासारखं एकही सेटिंग उरलं नव्हतं, तरी मी रिमोट चाळत उभा होतो. मला फार वाईट वाटत होतं. शेवटी ताईंनी खुर्ची जागेवर ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या. टीव्ही मीच बंद केला.

घरच्या टीव्हीवर एचडीनं खरंच फरक पडतो का, असं गिऱ्हाइकं अजूनही विचारतात. शालू, मांडव, पंगत बघायची असेल तर सोफ्यावरून फारसा नाही पडत. एखादं माणूस काय बोललं हे बघायचं असेल तर पडतो. आणि पुढे कुणाचं बोलणं लागणार आहे, हे लग्नाच्या दिवशी ना गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, ना मला. म्हणून आता मी कुणाला फरक दाखवत बसत नाही. मूळ शूटिंग, बँडच्या गोंगाटासकट, न विचारता देऊन टाकतो.