जेवणारे येतीन

"जेवणारे येतीन," असं म्हणत ती कपाशीचं पान दोन बोटांनी उलटं करायची आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहायची. निंदणाला आलेली बाई अशी पानं न्याहाळत बसली, तर शेतमालकिणीनं काय समजावं? मी तिला सरळ कामचुकार ठरवून टाकलं.

तेव्हा मी झरी जामणीकडच्या गावात नवी सून होते. माहेर बोरी अरबसारख्या मोठ्या गावचं, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं हा तोरा होताच. ती निंदणारी बाई म्हणजे एक कोलाम आदिवासी म्हातारी. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं.

कपाशीचे ते दिवस वाईट होते. जो तो पाठीवर पंप घेऊन फिरायचा. आदल्या वर्षी फवारणी करून आलेल्या माझ्या नवऱ्याला समोरचं ताट दिसेना. चार दिवस दवाखान्यात गेले. पुन्हा असं झालं तर नजर परत येईलच असं नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी यंदा पानांमागे मावा, रस शोषणारे ते बारीक किडे, दिसताच त्यानं पंप बाहेर काढला. मला बोलायची हिंमत नव्हती.

मावशी बोलली. "आठ दिस थांब."

"पीक गेलं तं तू भरून देशीन काय?"

"पीक मले नाई देता येत. तुहे डोये गेले तं तेबी नाई देता येत."

तो पाय आपटत घरी गेला. पंप मात्र रिकामाच राहिला.

आपणही हातभार लावावा म्हणून दुसऱ्या दिवशी मी शेतात गेले. पानांवर काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरत होत्या. सकाळभर वेचून त्या चपलेखाली चिरडल्या आणि मोठ्या दिमाखात मावशीला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"अवो पोरी, हे तं ढालकिड्याचे पिल्लं व्हय! मावा खाणारे हेच. जेवाले बसलेल्या पाहुण्याले काहून मारून राह्यली?"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. ती मात्र उठून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर गेली. नवरा दरवर्षी त्या धुऱ्यावरचं गवत-झुडूप जाळायचा. यंदा तिनंच भांडून तो राखायला लावला होता. तिथल्या रुईवर तसल्याच अळ्या होत्या. तिनं पानांसकट त्या ओटीत भरल्या आणि आमच्या कपाशीवर झाडागणिक सोडत गेली. मीही तिच्यामागून ओटी धरून फिरले.

सातव्या दिवशी पान उलटलं, तर ढालकिडेच जास्त. पुढे मावा सरत आला तसे तेही उडून गेले. "पोटापुरतेच रायतेत ते," मावशी म्हणाली. माव्याच्या चिकट्यानं काही झाडं खुरटून बसली, खोटं कशाला सांगू. पण बाकीची कपाशी उभी राहिली, आणि त्या माव्यापायी फवारा मारावा लागला नाही. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाली, "मले कायले? त्याहीले पड."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचे उपकार फेडायचे कसे, हे मला अजून कळलेलं नाही.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात ती गेली. तिच्या वस्तीवरून खाली उतरणारी वाट सगळी दगडाधोंड्यांची. तिरडीच्या पुढच्या खांद्याला माझा नवरा होता. मी बायकांमध्ये उभी राहून रडत होते, आणि तो पुढची वाट नीट पाहत मागच्यांना सांगत होता, "डाव्या अंगाले खड्डा हाय, पाय जपून टाका."