गाण्यांच्या बदल्यात

नेटच्या लाइनमनला मी त्या आठवड्यात फोनवर जे जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. फुलसावंगीला बाजाराच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. आठ दिवसांपासून नेटनं असा जीव काढला होता की साइटचं पान उघडायला लावून माणूस समोरच्या टपरीवर चहा पिऊन यायचा, तरी पान अर्धंच उघडलेलं असायचं. मी फोन करायची. लाइनमन शांतपणे म्हणायचा, "ताई, लाइन बरोबर आहे." त्याच्या त्या शांतपणाचाच मला जास्त राग यायचा.

"बरोबर आहे त मी काय तुमचा आवाज आयकाले फोन करून राह्यली काय?" असं मी एकदा म्हटलं. समोर बसलेली गिऱ्हाइकं हसली, तेव्हा मला आणखीच चेव आला. माझा स्वभाव मुळातच तापट आहे. नवरा म्हणतो, हिच्या बोलण्याला वरून फोडणी लागत नाही.

त्या दिवशी मात्र चेष्टेची वेळ नव्हती. सकाळपासून दुकानात मायलेकी बसून होत्या. शेजारच्या गावच्या. आई सोयाबीनमधलं निंदण टाकून आली होती. मुलगी बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. तिचा नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता आणि संध्याकाळी पाच वाजता साइट बंद होणार होती. फॉर्म सगळा भरून झाला होता. एकच कागद साइटवर चढवायचा राहिला होता, आणि तो काही केल्या चढत नव्हता. गोल चक्र फिरायचं, फिरायचं, आणि मग 'पुन्हा प्रयत्न करा' असं यायचं.

तो कागद साधा नव्हता. मुलीला सिकलसेलचा आजार आहे, म्हणजे रक्तातला. दुखणं उठलं की हातापायाचे सांधे असे ठणकतात की पोरगी बोलतसुद्धा नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहते. यवतमाळला चार खेपा घालून आईनं तिचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं होतं. त्याच्या जोरावर राखीव जागा मिळण्यासारखी होती. तो कागद नाही तर जागा नाही, एवढं सरळ होतं. आणि तोच कागद लपवायचाही होता. आमच्या भागात हा आजार जागोजागी आहे आणि तो झाकून ठेवण्याची रीतही जागोजागी आहे, कारण नाव फुटलं की मुलीला कोणी पाहायला येत नाही. आईनं तो कागद पहिल्यांदा आणला तेव्हा दुकान रिकामं होईपर्यंत ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली होती. मग आत येऊन हळूच म्हणाली, "ताई, हे कोणालेच माहीत नाही. तिच्या आजीलेही नाही."

मी तो स्कॅन केला आणि माझ्या पद्धतीनं ठेवला. माझी पद्धत अशी की प्रत्येक गावाचा एक फोल्डर, त्यात माणसाच्या नावाचा फोल्डर, आणि फाइलचं नाव वाचूनच आत काय आहे ते कळलं पाहिजे. लोक कागद हरवतात, भिजवतात, आणि मग माझ्याकडे येतात. मी दोन मिनिटांत काढून देते. याचा मला फार गर्व होता.

तीन वाजता लाइनमन आला. फोनवर वाघ होणारी मी, तो समोर आल्यावरही वाघच राहिले. माझ्या कॉम्प्युटरची वायर काढून त्यानं स्वतःच्या लॅपटॉपला लावली आणि प्रवेशाचीच साइट उघडली. पान पटकन आलं. परत वायर माझ्या कॉम्प्युटरला लावली, तर पुन्हा गोल चक्र.

"ताई, लाइन बरोबर आहे," तो म्हणाला.

त्यानं खाली घड्याळाजवळच्या बारक्या चिन्हांत शोधलं आणि एकावर बोट ठेवलं. "हे काय चालू करून ठेवलं तुम्ही?"

ते माझं गाण्यांचं सॉफ्टवेअर होतं. ट्रॅक्टरवाले माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन येतात. नांगरताना दिवसभर वाजायला जुनी गाणी लागतात त्यांना. कुणाकडून तरी मला कळलं की असं एक सॉफ्टवेअर आहे, त्यात जगभरचे लोक आपापल्या कॉम्प्युटरमधली गाणी एकमेकांना देतात. आठ दिवसांपूर्वी मी ते टाकलं. सुरू करताना त्यानं विचारलं, तुम्ही काय देणार? खाली लिहिलं होतं की जो जास्त देईल त्याला लवकर मिळेल. आता आमच्याकडे शेजारून भाजीची वाटी आली तर ती रिकामी परत धाडत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. लोक एवढी गाणी देताहेत तर आपण हात आखडता कशाला घ्यायचा, असं म्हणून मी पूर्ण डी ड्राइव्हवर खूण केली. मनातून बरंही वाटलं.

लाइनमननं समजावलं. "आपल्या लाइनीत आत याचा रस्ता मोठा आहे अन् बाहेर जाचा लहान. तुमचं हे सॉफ्टवेअर जाचा रस्ता पूरा भरून राह्यलं. पान पाहाचं असलं तरी पहिले 'पान धाडा' अशी मांगनी बाहेर जा लागते ना. ते जाऊनच नाही राह्यली, त पान कुठून येईन? अन् तुमचा कागद तर बाहेरच जाचा आहे."

म्हणजे आठ दिवस मीच माझ्या दारात दगड टाकून बसले होते आणि बोंबलत होते त्याच्या नावानं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मला इतकी लाज वाटली की मी त्याच्यासाठी चहा सांगितला.

"बंद करून टाकू?" त्यानं विचारलं.

"बंद नका करू, गाणे अर्धे उतरले आहे," मी म्हणाले. हे मी म्हणाले. तो म्हणाला, ठीक आहे, आणि सेटिंगमध्ये जाऊन बाहेर जाण्याच्या वेगाला एक बारीकसा आकडा टाकला, की यापेक्षा जास्त जायचं नाही. मी प्रवेशाचं पान पुन्हा उघडलं. आलं. कागद निवडला, चढव म्हटलं, आणि मी मनात दहा मोजायच्या आत खाली हिरवी खूण आली. साडेचारच्या आत फॉर्म भरल्याची पावती छापून मुलीच्या हातात दिली. आईनं पावतीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग माझ्या डोक्यावरही ठेवला.

मी खुशीत होते. लाइनमन चहा पीत स्क्रीनकडे बघत होता.

"पण ताई," तो म्हणाला, "गाणे त इतके नसतात. तुमच्याकडून जाऊन काय राह्यलं?"

त्यानं बाहेर जाणाऱ्या फायलींची यादी उघडली. त्यात एकही गाणं नव्हतं. गावांची नावं होती. माझ्याच हातानं डी ड्राइव्हवर टाकलेली, व्यवस्थित, वाचता येतील अशी. कुणाचं आधार, कुणाचं बँकेचं पासबुक, कुणाचा विधवा पेन्शनचा अर्ज, कुणाच्या फारकतीचे कागद. कुणीतरी एक जण, ज्याचं नुसतं टोपणनाव दिसत होतं, फोल्डरमागून फोल्डर उचलत होता. काहींसमोर 'सुरू' होतं, बऱ्याच फायलींसमोर 'पूर्ण'. मी वर सरकवलं. त्या मायलेकींचं गाव आलं. मुलीचं नाव आलं. पुढे 'सिकलसेल अपंग प्रमाणपत्र', माझ्या नीटनेटक्या मराठीत. आणि समोर 'पूर्ण', तारीख कालची.

चार तास सरकारच्या साइटवर जायला ज्या कागदाला वाट मिळत नव्हती, तो एका अनोळखी माणसाकडे आदल्या दिवशीच पोचला होता.

मी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून ओढून काढली. लाइनमननं कप खाली ठेवला आणि तो बाहेर जाऊन गाडीजवळ उभा राहिला. वळून पाहिलं तर मुलगी केव्हाची माझ्या खुर्चीच्या मागे उभी होती. तिला वाचता येतं.

"काय झालं?" आईनं विचारलं. तिला वाचता येत नाही.

खरं सांगते, एक क्षण मनात आलं की नेट गेलं म्हणून सांगावं. फॉर्म तर भरला होता, पोरीचं काम झालं होतं. मुलगी माझ्याकडे पाहत होती. ती आईला काही सांगत नव्हती, माझी वाट बघत होती. मग मी सांगितलं.

आई म्हणाली, "कोणाले गेलं?"

"माहीत नाही, ताई."

"आपल्या इकडचा आहे काय तो?"

"तेही माहीत नाही."

"परत मांगता येत नाही?"

"नाही येत."

तिनं पावती पॉलिथिनमध्ये गुंडाळली, गाठ मारली आणि मुलीला घेऊन निघून गेली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना काय उत्तर द्यायचं ते मला येतं.

ते सॉफ्टवेअर मी काढून टाकलं आणि पुढचे चार दिवस दुकान बंद ठेवून यादीतल्या घरोघरी सांगत गेले. बरेच जण हसले. "आमच्या पासबुकात काय आहे बाप्पा, कोणी नेलं तरी," म्हणाले. एका बाईनं दार लावून घेतलं.

मुलीला जागा मिळाली. त्यासाठी तोच कागद कॉलेजच्या साइटवर पुन्हा चढवायचा होता. जुना स्कॅन मी मिटवून टाकला होता. मूळ कागद पुन्हा स्कॅन करायला मायलेकी माझ्याकडेच आल्या, कारण फुलसावंगीतलं दुसरं दुकान त्यांच्या भावकीतल्या माणसाचं आहे. मी हात पुढे केला. आईनं कागद माझ्या हातात दिला नाही. तिनं तो स्वतः स्कॅनरच्या काचेवर ठेवला, झाकण लावलं आणि झाकणावर पंजा ठेवून उभी राहिली. काम झाल्यावर म्हणाली, "मिटवा."

मी तिच्यासमोर फाइल मिटवली, वरून कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबाही रिकामा केला. म्हटलं, "गेली, ताई."

ती मुलीकडे वळली. "गेली काय वो?"

मुलीनं स्क्रीन नीट वाचली आणि मान हलवली. तेव्हा आईनं झाकणावरचा हात काढला.