लेकीच्या तीन रिंगा
काल भंगारवाल्याला जुना फोन दिला आणि ती दुपार आठवली. आम्ही चिंचवडला राहत होतो, लेक लातूरला दिली होती. दिवसा बाहेरगावचा फोन महाग, रात्री दर निम्म्यावर यायचा. म्हणून मी तिला बजावलं होतं, एक रिंग देऊन ठेवलास तर खुशाली समजेन, तीन दिल्यास तर बोलायचंय, मग मी लावीन. त्या दुपारी मी भाकरी थापत होते. तीन रिंगा वाजून फोन थांबला. जरा वेळाने पुन्हा तीन. हे सेकंड शिफ्टला निघाले होते, म्हणाले, "अगं, लाव की." मी म्हटलं, "रात्री लावते. तिला काय, दुपारचा वेळ जात नसंल." रात्री लावला. ती म्हणाली, "काय न्हाई आई, सहज." मागे सासू खोकत होती. दुपारी लेक घरात एकटी होती आणि तेवढ्याच वेळात तिला मोकळं बोलता आलं असतं, हे मला महिन्याभराने कळलं. नवऱ्याने मोडलेला हात गळ्यात बांधून ती दारात उभी राहिली तेव्हा. आता ती माझ्याजवळच राहते. त्या दुपारचा विषय ती कधी काढत नाही, आणि विचारायची माझी छाती होत नाही.