पिवळ्या गोळ्या आणि काविळीची माळ

आमचा म्हातारा, म्हणजे माझा नवरा, मोहाची दारू पितो आणि गेली कित्येक वर्षं धड मुतत नाही. थेंब थेंब होते, येऊन बसला की परत उठतो. एका लग्नात भर मांडवात त्याचं धोतर ओलं झालं. तेव्हापासून लग्नाला जाणं बंद. नातीचं लग्न नवरदेवाच्या गावी, वैशाखऱ्याला ठरलं, तरी म्हणाला, "मी नाय येत. जीप काय दर शेताला थांबवू?" नात रुसली. आजोबा नसतील तर मांडवात पाय ठेवणार नाही म्हणाली.

तेव्हा माझ्या भावाने मुरबाडहून त्याला व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून दिल्या. दारूने झिजतं ते गोळीने भरून येतं, असं भावाचं म्हणणं. म्हाताऱ्याला हे लगेच पटलं. गोळी तो दारूच्या घोटाबरोबरच गिळायचा.

थोड्याच दिवसांत बांधावरून ओरडला, "अगो, धाव! मला कावीळ झाली!"

जाऊन बघितलं. लघवी पिवळीधमक.

आमच्याकडे काविळीला माळ घालतात. पाड्यावरची एक बाई झाडाच्या काड्या ओवून देते. ती डोक्यावर ठेवायची. माळ सैल होत खाली सरकली, की कावीळ उतरली म्हणायचं. पथ्य कडक असतं. तेल नाही, मटण नाही, दारूचा वाससुद्धा नाही. बायकोचं जन्मभर न ऐकलेल्या माणसाने त्या काड्यांचं निमूट ऐकलं. गोळी तेवढी पाण्याबरोबर चालू ठेवली.

माळ गळ्यात आली, पोटावर आली, गुडघ्याला लागली. लघवी पिवळीच.

"आता कावीळ पायातून जमिनीत जाणार काय?" मी म्हटलं आणि त्याला शहापूरला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं. कावीळ नव्हतीच.

"आजोबा, हा गोळ्यांचा रंग आहे," डॉक्टर हसले.

"मंग दारूचं नुकसान भरलं ना?"

"ते गोळीने भरत नाही. लघवीला आता किती वेळा जाता?"

म्हाताऱ्याने बोटांवर मोजलं. "कमी जातो हल्ली. माळेचा गुण!"

"बाटली सुटली त्याचा गुण," मी म्हटलं. डॉक्टरांनी मान डोलवली. म्हातारपणी पुरुषांची लघवीच्या वाटेवरची गाठ फुगते, तीही फुगली होती, तिला वेगळं औषध दिलं. दारू पुन्हा धरलीत तर त्रास वाढेल, हेही स्पष्ट सांगितलं.

लग्नाला निघालो तेव्हा जीपमध्ये तो पुढे बसला. वाटेत एकदाच थांबवली. मांडवाच्या मागे माझ्या भावाने पेला पुढे केला. "भावजी, एकच घ्या. आज नाय तर कधी?"

म्हाताऱ्याने पेला परत त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "तूच पी रे. मला मांडवात बसायचंय."

भटजींनी मंगलाष्टकं लांबवली. एका पाहुण्याने स्वतः रचलेली दोन कडवी वर म्हटली. म्हातारा ओठ आवळून बसून राहिला. नात त्याच्या पाया पडली, तिच्या डोक्यावर त्याने हात ठेवला आणि मग जो पळाला, तो थेट करवंदीच्या जाळीमागे. धोतर कोरडं होतं, मी बघितलं.